बॅगांजवळ बसणारं माणूस

सहलीला निघालेल्या प्रत्येक घरात एक माणूस असं असतं, जे बॅगांजवळ बसतं. दौलताबादच्या किल्ल्याखाली, अजिंठ्याच्या पायऱ्यांशी, मुंबईत एखाद्या संग्रहालयाच्या फाटकाजवळच्या बाकावर ते तुम्हाला दिसेल. गुडघे गेलेली अम्मी असते, अर्धांगातून उठलेले अब्बा असतात, कधी पोलिओ झालेली बहीण असते. त्यांना तिथं कोणी मुद्दाम बसवत नाही. ते स्वतःच म्हणतात, "तुम्ही या जाऊन. सामानावर कोणीतरी हवंच ना." घरच्यांनाही ते पटतं, कारण तेवढं पटवून घेणं सोपं असतं. दोन तासांनी सगळे परत येतात, मोबाइलवरचे फोटो दाखवतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधाराने मी घरात, शाळेत, आमच्या पिंप्राळ्याच्या बाजारात नीट फिरते. पण अर्ध्या तासाच्या वर उभं राहणं मला जमत नाही. त्यामुळे बॅगांचा तो बाक मला चांगला ठाऊक आहे. धाकट्या बहिणीची मुलगी लंडनला नोकरी करते. तिने बोलावलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. म्हटलं, राजवाडा नको, पूल नको, मोठं चाक नको. मला एक संग्रहालय दाखव, आणि आतून दाखव. त्या संग्रहालयाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. लोक त्याला थोडक्यात 'व्ही अँड ए' म्हणतात. तेच का, हे सांगायचं तर आधी अजिंठ्याला जावं लागेल.

अजिंठ्याची चित्रं लंडनला कशी गेली

जळगावहून अजिंठ्याची लेणी साठ किलोमीटरच्या आसपास आहेत. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला तिकडे नेतोच. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची नजर या लेण्यांवर पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. पुढे १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. गिल जवळजवळ वीस वर्षं ते काम करत होता. त्याची मोठमोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि त्यातली बहुतेक जळाली. गिल परत गेला नाही. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे.

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत येऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चाललं. वटवाघळं, ओल, अंधार, ताप असं सगळं सोसून मुंबईच्या मुलांनी कॅनव्हासवर नकला केल्या. त्याही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून जास्त चित्रं जळाली किंवा खराब झाली. जी वाचली ती आज व्ही अँड एच्या ताब्यात आहेत, कारण साउथ केन्सिंग्टनच्या त्या संग्रहालयालाच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव मिळालं.

मूळ चित्रं टिकली त्यात हैदराबाद संस्थानाचा मोठा वाटा आहे. तेव्हा जळगाव इंग्रजांच्या खानदेशात होतं आणि अजिंठा निजामाच्या मुलखात. १९१४ मध्ये संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यजदानी त्याचे संचालक झाले. १९२० ते १९२२ या काळात संस्थानाने इटलीहून चित्रं दुरुस्त करणारे तज्ज्ञ बोलावले. भिंतींपासून सुटत चाललेले रंगाचे पापुद्रे त्यांनी पुन्हा चिकटवले. यजदानी साहेबांनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ केला. तो १९३० ते १९५५ या काळात छापून पूर्ण झाला. बौद्ध भिक्खूंच्या लेण्यांसाठी एका मुसलमान अभ्यासकाने आयुष्याची एवढी वर्षं दिली, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायला हवी.

मी शाळेत हा धडा शिकवते तेव्हा मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही ती चित्रं पाहिलीत?" मूळ चित्रं मी पाहिली आहेत. तिथं कशी गेले ते पुढे सांगते. पण त्यांच्या मागोमाग समुद्रापलीकडे जाऊन ते घर पाहायची इच्छा तेव्हापासूनची.

खुर्ची मागताना कसली लाज?

आपल्या घरांत व्हीलचेअर हा शब्द उच्चारला की वातावरण बदलतं. "अजून तेवढी वेळ नाही आली," असं म्हणतात. खुर्चीत बसलेलं माणूस म्हणजे ज्याला एक पाऊलही टाकता येत नाही, असा समज आहे. दहा पावलं चालता येणारी माणसं मग दहा हजार पावलांच्या ठिकाणी जातच नाहीत.

पण हीच माणसं हज किंवा उमऱ्याला गेली की मुकाट खुर्चीत बसतात. सफा आणि मरवा यांच्या मधोमध चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळी वाट आहे. तवाफासाठी खुर्च्या वरच्या मजल्यावरून नेता येतात. हजहून परत आलेल्या आपल्या शेजाऱ्यांना विचारा, कितीतरी मुलांनी आपल्या आईला असंच ढकलत सई करवली आहे. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी आजारपणाची तक्रार केली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना लोकांच्या मागून, वाहनावर बसून तवाफ करायला सांगितलं, ही हदीस प्रसिद्ध आहे. इबादतीत ज्या सोयीला हरकत नाही ती संग्रहालयात लाजिरवाणी कशी होईल?

खुर्चीचा उपयोग एवढाच की अंगातली ताकद चालण्यात संपत नाही, ती पाहण्यासाठी उरते. व्ही अँड एची सगळी दालनं एकापुढे एक लावली तर सुमारे अकरा किलोमीटर होतात असं म्हणतात. पिंप्राळ्याहून निघून जळगाव शहर ओलांडून पलीकडे जाण्याइतकं हे अंतर. ते कुबडीवर कोण चालणार?

निघण्याआधी

तयारीतला पहिला धडा विमानाचा. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागावी, आणि निदान ४८ तास आधी विमान कंपनीला पुन्हा फोन करून खात्री करावी. या मदतीचे वेगळे पैसे पडत नाहीत. कंपन्यांचे तीन संकेत असतात, ते लक्षात ठेवले तर बोलणं सोपं होतं. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे ज्याला लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात आणि विमानात आपल्या जागेपर्यंत जाता येतं. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे ज्याला अजिबात चालता येत नाही आणि जागेपर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीतून न्यावं लागतं. आपलं खरं काय ते सांगावं. संकोचाने कमी सांगितलं तर विमानाच्या शिडीपाशी अडकायला होतं.

स्वतःची खुर्ची असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत नेता येते. तिच्यावर नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पक्की बांधा. "ही मला उतरल्यावर विमानाच्या दारात हवी," असं सांगा, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर जाते. खुर्ची बॅटरीची असेल तर बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हे आधीच कळवावं लागतं.

सुरक्षा तपासणीत कॅलिपर वाजणारच. घाबरू नका. "पायात लोखंड आहे" एवढं सांगा. स्त्रियांची तपासणी स्त्री कर्मचारीच करते आणि पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत करा असं सांगता येतं. माझी तशीच झाली. जाताना एका कंपनीचा मदतनीस आला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता माझ्या भावाला विचारलं, "यांना चालता येतं का?" भाऊ म्हणाला, "त्यांनाच विचारा, त्या शिक्षिका आहेत." हे वाक्य प्रत्येक भावाने पाठ करून ठेवावं.

कागदांत युडीआयडी कार्ड जवळ असू द्या. परदेशात त्याला कायद्याने मान्यता नाही, पण त्यावर इंग्रजी मजकूर असतो, त्यामुळे दाखवायला बरं पडतं. सोबत डॉक्टरचं इंग्रजीतलं पत्र ठेवा. त्यात काय त्रास आहे, कोणती औषधं चालू आहेत आणि लांब चालणं का शक्य नाही, हे चार ओळींत असावं. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. आणखी एक घरगुती सूचना. तिकडे संडासात पाण्याची सोय क्वचितच असते. छोटी रिकामी बाटली सोबत ठेवा. अपंगांसाठीचे संडास प्रशस्त असतात, आत बेसिन आणि धरायला दांडे असतात. त्यामुळे वुजूही तिथं आरामात होतो.

लंडनच्या रस्त्यावर

लंडनची भुयारी रेल्वे जगप्रसिद्ध आहे. पण ती जुनी आहे आणि रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न लागणारी स्टेशनं त्यात एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. संग्रहालयाला सगळ्यात जवळचं साउथ केन्सिंग्टन स्टेशन त्यात नाही. तिथं फलाटापासून वर येताना पायऱ्या लागतात. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांनी सरळ बस धरावी. लंडनच्या सगळ्या बसना उतरता रॅम्प असतो. ड्रायव्हर बटण दाबतो, फळी फुटपाथवर टेकते आणि खुर्ची आत जाते. खुर्चीची जागा ठरलेली असते. तिथल्या काळ्या टॅक्सींनाही रॅम्प असतोच, तसा नियमच आहे. टॅक्सी महाग पडते. आम्ही जाताना बसने गेलो आणि येताना दमलो तेव्हा टॅक्सी केली.

बसमध्ये मी चढत असताना सगळी बस थांबून राहिली. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी "लवकर करा" म्हटलं नाही. भाची म्हणाली, "खाला, घाई करू नका. ही वेळ तुमचीच आहे." आपल्याकडे बसची पायरी चढताना मागून येणारा दाब मला आठवला.

गालिच्यापाशी

संग्रहालयाचं क्रॉमवेल रोडवरचं मुख्य दार भव्य आहे. खुर्चीवाल्यांना मात्र एक्झिबिशन रोडच्या बाजूने जाणं सोयीचं. तिथलं अंगण २०१७ मध्ये खुलं झालं. प्रवेशाला पैसे नाहीत. काही खास प्रदर्शनांना तिकीट असतं, पण कायमची दालनं सगळ्यांना मोफत आहेत. खुर्चीही तिथं उसनी मिळते, तिचेही पैसे घेत नाहीत. आत गेल्यावर नकाशा मागून घ्यावा. त्यावर लिफ्ट कुठे आहेत ते दाखवलेलं असतं. इमारत जुनी, अनेक टप्प्यांत बांधलेली, त्यामुळे एका दालनातून शेजारच्या दालनात जायला कधी वळसा घालावा लागतो. आधीच ठरवून चार-पाच वस्तू निवडा. सगळं बघायचं म्हटलं तर धडधाकट माणूसही दमतो. आणि त्या दिवशी कोणती दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत ते निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. एवढ्या लांबून येऊन बंद दार पाहण्यासारखं वाईट काही नाही. शुक्रवारी रात्री दहापर्यंत संग्रहालय उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी कमी होते. आम्ही जुम्याची नमाज आटोपून, जेवून, आरामात गेलो.

मला पाहायचा होता तो अर्दबीलचा गालिचा. इस्लामी कलेचं जमील दालन तळमजल्यावर आहे, ४२ नंबरचं. २००६ मध्ये ते नव्याने उघडलं तेव्हापासून हा गालिचा दालनाच्या मधोमध जमिनीवर अंथरून ठेवला आहे, वर काचेचं मोठं घर. लांबी साडेदहा मीटरच्या आसपास आणि रुंदी सव्वापाच मीटर. इराणचा शाह तहमास्प याच्या काळात तो विणला गेला. लोकर रेशमाच्या ताण्याबाण्यावर गाठी मारून विणली आहे. एका चौरस इंचात तीनशेहून जास्त गाठी आहेत. रंग फिके पडू नयेत म्हणून दालनात उजेड मंद ठेवतात आणि दर अर्ध्या तासाने फक्त दहा मिनिटं गालिच्यावर दिवे लावतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंधुक उजेड होता. लोक उभ्या उभ्या एक नजर टाकत होते आणि पुढे जात होते. मी खुर्चीत होते, मला घाई नव्हती. खुर्ची काचेला टेकवून थांबलो. मग दिवे लागले. निळ्या जमिनीवर मधोमध सोनेरी चक्र, त्याभोवती पाकळ्या, आणि दोन टोकांना साखळीने टांगलेले मशिदीतले दिवे. एक दिवा दुसऱ्यापेक्षा मोठा काढला आहे. त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. काही म्हणतात, लहान दिव्याच्या बाजूला बसलेल्या माणसाला दोन्ही दिवे सारखेच दिसावेत म्हणून असं केलं.

बसलेल्या माणसाला. हे वाचून मी थांबले. गालिचा ही वस्तूच बसणाऱ्या माणसासाठी केलेली असते. विणणारे बसून विणतात, वापरणारे त्यावर बसतात, सजदा करतात. उभा राहून पाच फुटांवरून गालिचा पाहणं ही नंतरची, संग्रहालयांची रीत. माझ्या आजूबाजूची माणसं वाकून, पाय उंचावून, माना तिरक्या करून बघत होती आणि मी बरोबर त्या उंचीवर होते जिथून पाहायला तो विणला गेला. आयुष्यात बहुतेक ठिकाणी मला इतरांपेक्षा कमी दिसतं, समोर पाठीच येतात. तिथं मला जास्त दिसत होतं.

गालिच्याच्या एका टोकाला छोट्या चौकटीत लिहिलेलं आहे. लिपी फारसी, म्हणजे आपल्या उर्दूचीच अक्षरं. लहानपणी मशिदीच्या मकतबात जी अक्षरं गिरवली ती तिथं, पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या लोकरीत. मी एकेक अक्षर लावत गेले. काशानचा मकसूद असं काम करवणाऱ्याचं नाव लागलं. खाली आकडा होता, ९४६. हिजरी सन ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०. शेजारी एक इंग्रज बाई आपल्या नातवाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे वाचता येतं?" भाचीने इंग्रजीत सांगितलं. मग मी बोटाने काचेवरून आकडा दाखवला आणि त्या मुलाने तो मोठ्याने म्हटला. दहा मिनिटं संपली आणि दिवे मंद झाले. आम्ही अर्धा तास थांबलो आणि पुन्हा पाहिला.

बाकाजवळ थांबले असते तर हे मला कोण सांगणार होतं? फोटोत तो आकडा दिसत नाही.

दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या अडचणींत

अडचण फक्त पायांची नसते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लंडनच्याच ब्रिटिश म्युझियममध्ये मिसरच्या काही दगडी मूर्ती हाताने चाचपून पाहता येतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १९९५ पासून स्पर्शाचं दालन आहे. आपल्या देशातही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचं असं दालन सुरू झालं. तिथं मूर्तींच्या प्रतिकृतींना हात लावून पाहायची मुभा आहे.

आपल्या वाचकांपैकी कोणी पॅरिसला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. लूव्रमध्ये अपंग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असो. रांगेतही आधी सोडतात. पुरावा मात्र लागतो, तिथं ते डॉक्टरचं पत्र कामाला येतं. मंगळवारी लूव्र बंद असतं. काचेच्या पिरॅमिडखाली उतरायला गोल उघडी लिफ्ट आहे. २०१२ मध्ये तिथं इस्लामी कलेचा मोठा विभाग नव्याने उघडला.

आपली जास्त माणसं आखाती देशांत असतात. दोह्याचं इस्लामी कला संग्रहालय २००८ मध्ये उघडलं. त्याचा आराखडा आय. एम. पेई यांचा. लूव्रचा काचेचा पिरॅमिडही त्यांचाच. कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणातलं वुजूचं घुमटदार बांधकाम पाहून त्यांना या इमारतीचं रूप सुचलं. मुलगा कतारला असेल आणि अम्मी महिनाभर तिथं राहणार असतील तर त्यांना मॉल दाखवून परत पाठवू नका.

आणि आपल्या दारचं

आता अजिंठा. लेण्यांपासून चार किलोमीटरवर खासगी गाड्या थांबवतात, पुढे तिथल्या बसने जावं लागतं. बस उतरल्यावर पायऱ्या आहेत. त्या चढून गेलं की वाघोरा नदीच्या वळणाभोवती, डोंगराच्या कडेने तीस लेणी. तिथं डोली मिळते. लाकडी दांड्यांना बांधलेली खुर्ची, चार माणसं खांद्यावर घेतात. मी तशीच गेले. भाडं आधी ठरवून घ्यावं, कुठपर्यंत नेणार आणि किती वेळ थांबणार तेही. ही माणसं जवळच्या गावांतली असतात, वाट त्यांच्या पायाखालची असते. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात दगड निसरडा होतो, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत चित्रं जास्त आहेत. तेवढी चार ठरवून जा. खुर्चीत बसलेल्याने छोटी दुर्बीण नेली तर छतावरची चित्रंही दिसतात.

डोंगर कापून रस्ता करा असं कोणी म्हणणार नाही. पण त्याच चार लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती पायथ्याच्या पर्यटक केंद्रात केल्या होत्या, जपानच्या कर्जातून. ज्याला डोंगर चढता येत नाही त्याच्यासाठी याहून चांगली सोय कोणती? ते केंद्र पुढे बिलांच्या थकबाकीपायी बंद पडलं. जाण्याआधी ते चालू आहे का, हे फोन करून विचारा. बंद असेल तर तक्रार लिहा. तक्रार लिहिणारे थोडेच असतात, म्हणून तर बंद पडलेलं बंदच राहतं.

कायदा आपल्या बाजूला आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या, असं त्यात आहे. नियम २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या सोयी केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, त्या बंधनकारक हव्यात. हे फक्त संग्रहालयापुरतं नाही. आपली शाळा, आपला दवाखाना, तहसील कचेरी यांनाही हे लागू आहे. मशिदीचा आणि शादीखान्याचा रॅम्प तर आपल्याच हातात आहे. त्याला न्यायालय कशाला हवं?

वाचक भगिनींनो, या सुट्टीत कुठेही जा. लंडनच हवं असं नाही. मात्र ठिकाण ठरवतानाच घरातल्या त्या माणसाला विचारा, "तुम्हाला तिथं काय पाहायचंय?" जमेल का, हा प्रश्न नंतर. मग एक फोन करा. खुर्ची मिळते का, लिफ्ट आहे का, बसायला बाक आहेत का, एवढंच विचारा. सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं. चार पैसे पडतील, तेवढे द्या. इन्शाअल्लाह पुढच्या अंकात रेल्वेच्या प्रवासाबद्दल लिहीन. सवलतीचं कार्ड कसं काढायचं, खालचा बर्थ कसा मिळवायचा आणि स्टेशनवर खुर्ची कोणाकडे मागायची, ते सगळं. तुमचे अनुभव कळवा. चांगले तर कळवाच, वाईटही कळवा.